तीन बॉल बाकी असताना

हैदराबादहून परत आल्यापासून शाळेतल्या बायका एकच विचारतात, "बाई, चारमिनार पाहिला का?" नाही पाहिला. चार दिवस राहिले आणि चारमिनार पाहिला नाही, मोती घेतले नाहीत, तलावाकाठी हवा खायला गेले नाही. जे पाहिलं ते सांगायला लागले की म्हणतात, "जाऊ द्या हो, खेळच तो." तोंडी सांगताना माझा आवाज चढतो आणि ऐकणारी माणसं उठून जातात. कागद उठून जात नाही, म्हणून लिहून काढते.

मी परभणीला मुलींच्या शाळेत शिकवते. नवरा गेल्यापासून माझा धाकटा भाऊ मारुती आणि मी एका घरात राहतो. मारुती आमच्या गावच्या ऑफिसर लोकांच्या क्लबात मार्कर होता. मार्कर म्हणजे साहेब लोक स्नूकर खेळतात तेव्हा गुण मोजणारा, टेबलाचं हिरवं कापड ब्रशने झाडणारा, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या लांब काठीच्या, टोकाला कातड्याची टिकली बसवणारा माणूस. एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याबरोबर खेळणारा आणि साहेबाला कळणार नाही अशा बेताने हरणाराही तोच. सतरा-अठरा वर्षं मारुतीने हे केलं. आमच्या जिल्ह्यात क्यू हातात धरणाऱ्या बहुतेक साहेबांना मनगट कसं ठेवायचं ते त्यानेच शिकवलं.

खेळ अवघड नाही. मोठ्या टेबलावर पंधरा लाल बॉल, सहा रंगीत आणि एक पांढरा. क्यूने पांढऱ्याला मारायचं आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे टेबलाच्या कडेच्या पॉकेटात घालायचे. लाल संपले की रंगीत राहतात आणि ते ठरल्या क्रमानेच घालावे लागतात. शेवटचे तीन म्हणजे निळा, गुलाबी आणि काळा. त्यांचे गुण पाच, सहा आणि सात. बॉल पडत राहील तोवर पाळी आपली, चुकला की समोरच्याची. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

छप्पन्न सालचं हे, हैदराबादचं राज्य मोडत होतं. नोव्हेंबरपासून आम्ही मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे, तेलुगू मुलूख आंध्राकडे. आमच्या गावचे साहेब बदलीच्या हुकमाची वाट पाहत बसलेले. क्लब बंद होणार आणि टेबल लिलावात निघणार हे पक्कं झालं होतं. अशात हैदराबादच्या एका मोठ्या क्लबाचं कार्ड आलं. सगळ्या राज्यातल्या प्रोफेशनल खेळाडूंची स्पर्धा भरणार होती. जिंकणाऱ्याला कप, आणि त्याच क्लबात मुख्य मार्करची जागा, राहायला मागे दोन खोल्या. प्रोफेशनल हा शब्द मारुतीने मला दोनदा वाचायला लावला. त्याला वाटलं, मान दिला. मलाही तसंच वाटलं. दसऱ्याची सुट्टी लागली होती. "एकटा जाऊ नको, मी येते," म्हटलं.

काचीगुडा

गाडीतल्या गर्दीचं सांगत नाही, ती सगळ्यांना माहीत आहे. काचीगुड्याला उतरलो तर फाटकावरच्या पोलिसाने मारुतीला बाजूला घेतलं. मी जुन्या धोतराची लांब पिशवी शिवून तिच्यात क्यू घातला होता. पोलिसाला वाटलं, मोर्च्याची लाठी. दिवसच तसे होते. मारुती लगेच गाठी सोडायला लागला.

"यह खेलने की है," मी म्हटलं.

"इतने बड़े आदमी खेलते?" पोलीस हसला.

"बड़े आदमीच खेळतात," मी मराठीतच सुनावलं. त्याला कळलं असावं, कारण पिशवी परत देताना त्याने ती दोन्ही हातांनी दिली.

सायकलरिक्षात क्यू मावेना. शेवटी तो आडवा धरून बसलो आणि सुलतान बाजारच्या तोंडाशी त्याचं टोक एका केळीवाल्याच्या गाडीला लागून घडाचा घड खाली आला. केळीवाला तेलुगूत शिव्या देत होता, रिक्षावाला दखनीत उत्तर देत होता, आणि मारुती खाली वाकून केळी वेचत होता. मला त्याचा राग आला. चूक रिक्षावाल्याची होती. पण कुणी ओरडलं की मारुती आधी वाकतो. क्लबाने त्याला तेवढं नीट शिकवलं आहे.

सुलतान बाजार

आमचा मावसभाऊ दत्तू सुलतान बाजारात एका कापडदुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतो. महसूल खात्यात कारकून आहे. त्याच्यापुढे एक फॉर्म पडला होता, कुठल्या राज्याच्या नोकरीत जायचं ते लिहून देण्याचा. महिनाभर तो रकाना कोरा होता. त्याची बायको हैदराबादेतच वाढलेली.

"मी नक्को म्हटलं ना वन्सं," वहिनी म्हणाली, "पुण्या-मुंबईला जाऊन काय करायचं? तोंड उघडलं की हसतेत लोकं. 'हौ' म्हटलं तरी हसतेत."

"इथं राहिलीस तर इथले हसतील," दत्तू म्हणाला.

"हसू द्या. इथल्यांचं हसणं मला समजतंय तरी."

जेवायला दोन्ही वेळा भात. आमटीत चिंच, भाजीत चिंच, अंबाड्याची भाजी मुळात आंबट तर तिच्यातही चिंच. मी पिशवीतली ज्वारीची भाकरी काढली तर वहिनीला वाईट वाटलं, म्हणून परत ठेवली आणि भात जेवले. आमच्याकडे पाहुण्याला वाढून यजमानीण मागून जेवते. इथे वहिनी आमच्यासोबतच ताट घेऊन बसली. ते मला फार आवडलं. पुढच्या दोन दिवसांत आवडण्यासारखं फारसं काही मिळालं नाही, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

क्लब

पहिल्या दिवशी सकाळी क्लबाच्या पायरीवर चपराशाने मला अडवलं. "जनाना अंदर नहीं जाता. बिलियर्ड रूम है."

मारुतीने माझ्याकडे पाहिलं. "आक्का, तू जा घरी."

मी घरी गेले नाही. व्हरांड्यात, खिडकीखाली एक बाक होता. खिडकी माझ्या डोक्याच्या वर. आत दिसत काहीच नव्हतं, पण बॉलवर बॉल आपटल्याचा आवाज येत होता आणि गुण मोजणाऱ्याची हाक ऐकू येत होती. तेवढं मला पुरेसं होतं. मारुतीने घरी मला हा खेळ इतक्या वेळा समजावला होता की गुणांवरून कुठला बॉल पडला ते मी सांगू शकत होते.

राज्यभरातून आठ मार्कर आले होते. साहेबांची स्पर्धा आदल्या आठवड्यात झालेली. ती संध्याकाळी, दिवे लावून, बायकामुलांना बाहेर लॉनवर चहा देऊन. ह्यांची सकाळी, मेंबर यायच्या आत आटपायची. आठही जण क्लबाने दिलेल्या पट्ट्याच्या युनिफॉर्ममध्ये. मारुतीसाठी मी पांढरा सदरा धुऊन, इस्त्री करून आणला होता. तो पिशवीतच राहिला.

दुपारी सेक्रेटरीसाहेब व्हरांड्यातून चालले होते. पन्नाशीचा, देखणा, अत्यंत अदबशीर माणूस. शिक्षण निजामाच्या राज्यातलं असल्यामुळे माझी उर्दू चांगली आहे. मी विचारलं, "साहेब, साहेब लोकांची आणि ह्यांची स्पर्धा वेगळी का? जो चांगला खेळेल तो जिंकेल."

ते थांबले. "मोहतरमा, मेंबर हौसेने खेळतात. हे लोक पोटासाठी खेळतात. प्रोफेशनल. पोटासाठी खेळणाऱ्याला हौशी माणसाबरोबर स्पर्धेत उतरवणं इन्साफ होईल का?"

इतक्या गोड आवाजात सांगितलं की क्षणभर मला ते पटलंच. मग बाकावर बसून विचार केला. शिकवायचं ह्याने, पण शिकवलेल्याशी खेळायचं नाही. का? तर हा शिकवतो म्हणून. प्रोफेशनल ह्या शब्दाचा एवढाच अर्थ होता. मी परभणीत तो दोनदा वाचून दाखवला होता.

मारुतीने पहिल्या दिवशी दोन्ही सामने जिंकले. दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना होता, तीन फ्रेमचा. फ्रेम म्हणजे एक पूर्ण डाव. समोर यादगिरी, इथल्याच छावणीतल्या एका क्लबाचा मार्कर. चाळिशी उलटलेला, सावळा, बारीक माणूस. पायरीवर मला पाहून त्याने हात जोडले होते.

पहिली फ्रेम मारुतीने घेतली, दुसरी यादगिरीने. तिसरी चालू असताना मेंबर यायला लागले होते. खेळ मधेच थांबला. कुणीतरी आतून ओरडलं, "यादगिरी, जरा इसकी टिप देखो!" एका मेंबराच्या क्यूची टिकली सैल झाली होती. आणि यादगिरीने, मारुतीने नंतर सांगितलं तसं, आपल्या शेवटच्या फ्रेमच्या मध्यात, स्वतःचा क्यू भिंतीला टेकवून, दुसऱ्याची टिकली बसवली. मी खिडकीखाली उभी राहून हाताच्या मुठी आवळल्या. पाच-सात मिनिटं गेली. मग पुन्हा आवाज सुरू झाला.

हाक आली, "बावन्न, अडतीस." मारुती चौदा गुणांनी पुढे. शेवटचे तीन बॉल टेबलावर, म्हणजे अठरा गुण. पाळी यादगिरीची. त्याला तिन्ही हवे होते, एकही चुकून चालणार नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून दोन मोटारी आत आल्या. राज्याच्या वाटणीत दोन बडे साहेब बाहेर चालले होते, एक मुंबईकडे, एक म्हैसूरकडे. त्यांच्या निरोपाची पार्टी होती आणि त्यांना जेवणाआधी एक शेवटचा डाव खेळायचा होता. आत खुर्च्या सरकल्या. हसण्याचे आवाज आले. सेक्रेटरीसाहेबांचा गोड आवाज आला, "बस, बस, हो गया. परभणी आगे है, परभणी जीत गया."

"साब, मेरी बारी है," यादगिरी म्हणाला. मी स्पष्ट ऐकलं. "तीन गेंदाँ बाकी हैं साब. पाँच मिनट."

"अगले साल, अगले साल."

पुढच्या साली राज्यच राहणार नव्हतं. सगळे हसले. आणि बॉल पॉकेटातून काढून पुन्हा मांडल्याचा आवाज आला. साहेबांच्या डावासाठी ते यादगिरीनेच मांडले, हे मला नंतर कळलं.

मारुती कप घेऊन बाहेर आला. त्याचा चेहरा मार खाल्लेल्या माणसासारखा होता.

वहिनीने त्याला ओवाळलं. दत्तूने फॉर्म बाजूला सारून जिलबी आणली. सगळे खूश. मारुतीने एक जिलबी हातात घेतली आणि तशीच ताटात ठेवली.

"आक्का, त्याची पाळी होती."

"मग?"

"मग काय? मी जिंकलो नाही."

दुपारभर मी क्लबाला शिव्या देत होते. आता मात्र त्याच्यावर उखडले. "परवा सकाळी नेमणुकीचा कागद मिळणार आहे. परभणीचं टेबल विकलं जाणार. तू काय करणार आहेस मग, हमाली? सतरा वर्षं साहेबांपुढे मुद्दाम हरलास, तेव्हा नाही वाटलं काही? आणि आज जिंकलास तर लाज वाटते?"

"मुद्दाम हरायचो तेव्हा मला माहीत असायचं ना कोण जिंकलं ते," मारुती म्हणाला. "आज माहीत नाही."

अंबरपेठ

तिसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तो कप पिशवीत घालून आणि क्यू खांद्यावर टाकून निघाला. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, "अंबरपेठ. यादगिरीचं घर." मी चपला घातल्या आणि मागे निघाले, त्याला परत आणायला. अख्ख्या रस्त्याने बोलत होते. तो ऐकत होता आणि चालत होता.

अंबरपेठेत घरोघरी अंगणात फुलांचे ढीग पडले होते. तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, रानातली पांढरी तुऱ्यांची फुलं. तेलंगी बायका ती थरावर थर रचून देवळाच्या शिखरासारखी करतात, मधे ठेवून फेर धरतात आणि शेवटी पाण्यात सोडतात. बतुकम्मा म्हणतात. आमच्या हादग्याचाच प्रकार, पण आमच्यात हत्तीचं चित्र असतं आणि इथे फुलंच देव असतात. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिथे तासभर बसले असते. त्या दिवशी मला ती फुलंही नकोशी झाली.

यादगिरी दारात उभा होता. त्याची बायको फुलं रचता रचता थांबली. यादगिरीने पिशवीतून दिसणारा कपाचा कान पाहिला.

"कप दिखाने कू आए?"

"नाही," मारुती म्हणाला. त्याची दखनी मोडकीच आहे. "तीन बॉल बाकी है."

"तो?"

"तुम्हारी बारी है."

यादगिरी उंबऱ्यावरून खाली उतरला. मग त्याचाही राग बाहेर आला. "मजाक करते क्या? कहाँ खेलना? क्लब का टेबल मेरे बाप का है? पच्चीस बरस से पोंछ रऊं, एक दिन पूरा खेलने नै दिए!" तो तेलुगूत आणखी काही बोलला. बायकोने हळूच त्याच्या दंडाला हात लावला.

"कोठीला एक टेबल आहे, दत्तूला विचारलंय मी," मारुती मला मराठीत म्हणाला. "सांग त्याला." मी सांगायला नकार दिला. मग त्यानेच कसंबसं सांगितलं.

यादगिरीने घरात जाऊन आपला क्यू आणला.

कोठी

कोठीच्या चौकाजवळ एका इराण्याच्या हॉटेलावर माडी होती आणि माडीवर एक जुनं टेबल. कापडाला दोन ठिकाणी ठिगळं, एका कोपऱ्यात चहाचा डाग. मालक म्हातारा, गोरा, दाढीवाला. मला पाहून म्हणाला, "बैठो बहन," आणि पंखा माझ्याकडे वळवला. स्नूकरच्या खोलीत खुर्चीवर बसून खेळ पाहण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. ह्या माडीवर मला कुणी अडवलं नाही. चहा आणि खारट-गोड बिस्किटं आली. मी हात लावला नाही.

दोघांनी तीन बॉल ठेवले. आदल्या दिवशी ते जिथे होते तिथेच. एकाने गुलाबी ठेवला, दुसऱ्याने मान डोलावली. काळा त्याच्या ठिपक्यावर होता. निळा बाजूच्या उशीजवळ, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेजवळ होता, त्यावर वाद झाला. यादगिरी म्हणाला, उशीपासून दोन बोटं. मारुती म्हणाला, एकच बोट. एक बोट म्हणजे यादगिरीला सोपा. यादगिरी दोन बोटं म्हणत होता, म्हणजे स्वतःला अवघड करून घेत होता. दोन्ही माणसं आपापल्या विरुद्ध भांडत होती! शेवटी दीड बोटावर ठरलं. पांढरा ठेवताना कुणीच वाद घातला नाही.

मालक मोजायला उभा राहिला. "बावन्न, अडतीस."

यादगिरी वाकला. निळा कोपऱ्यात गेला. "त्रेचाळीस." पांढरा हळूच येऊन गुलाबीच्या मागे थांबला. गुलाबी मधल्या पॉकेटात. "एकोणपन्नास." आता काळा. काळा पडला तर छप्पन्न, आणि मारुती हरला. माझ्या डोळ्यांपुढे दोन खोल्या आल्या, क्लबाच्या मागच्या, ज्या मी अजून पाहिल्याही नव्हत्या.

यादगिरीने क्यू मागे घेतला. आणि मी खोकले.

घशात काही नव्हतं. खोकला आला नव्हता, मी खोकले. बावीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून शिकवते आहे.

काळा पॉकेटाच्या जबड्यात थरथरला आणि तोंडाशीच थांबला. मारुतीची पाळी. फुंकर मारली तरी पडला असता.

मारुतीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाजवळ गेला, काळा उचलला, ठिपक्यावर ठेवला, आणि पांढरा होता तिथे परत नेला.

"पुन्हा," म्हणाला.

"कायकू?" यादगिरीने विचारलं. "चलता भाई. खांसी किसी कू बी आती."

"नाही. खोकला आमच्या घरचा होता. पुन्हा."

मालकाने ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. यादगिरी पुन्हा वाकला. ह्यावेळी काळा सरळ गेला, आवाजसुद्धा झाला नाही.

"छप्पन्न, बावन्न," मालक म्हणाला.

दोघांनी हात मिळवले. मारुतीने पिशवीतून कप काढून टेबलाच्या कडेवर ठेवला. यादगिरीने तो घेतला नाही. "ऐसा नै लेतऊं. क्लब देगा तो लेतऊं."

"उद्या सांगतो क्लबाला," मारुती म्हणाला.

जिन्यावर मी त्याला म्हटलं, "वाट लावलीस स्वतःची." तो म्हणाला, "खोकलीस कशाला आक्का?" एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुन्हा क्लब

चौथ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीसाहेब व्हरांड्यात उभे होते. मारुतीने कप पुढे केला आणि सगळं सांगितलं. माझ्या खोकल्याचं सोडून.

सेक्रेटरीसाहेब आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, हा गंभीर आहे. तेव्हा त्यांचा गोडवा गेला. "बाजार में खेले? हमारे टूर्नामेंट का फ़ैसला चायखाने में?"

"यादगिरी जिंकला साहेब. वहीत तसं लिहा."

"वहीत मी दोघांचीही नावं ठेवणार नाही. निकाल रद्द. कप क्लबाचा. आणि जागेचं म्हणशील तर," ते म्हणाले, "नोव्हेंबरनंतर तू मुंबईवाला. बाहेरच्या माणसाला ठेवणं मला तसंही जडच गेलं असतं."

हे त्यांना कार्ड पाठवतानाही माहीत होतं. राज्याची वाटणी वर्तमानपत्रात छापून महिने झाले होते.

मारुतीने वाकून सलाम केला. सतरा वर्षांची सवय. तो वाकलेला पाहिला आणि माझ्यात काहीतरी तुटलं. मी चपराशाच्या बाजूने सरळ आत गेले. "जनाना, जनाना," करत तो मागे आला. बिलियर्ड रूममध्ये तीन मेंबर वर्तमानपत्रं वाचत होते. त्यांनी पत्रं खाली केली. भिंतीजवळ उंच घडवंचीवर स्पर्धेची वही उघडी होती, शेजारी दौत आणि टाक.

साहेबांच्या पानावर पूर्ण नावं होती, हुद्द्यांसकट, पदव्यांसकट. त्याखाली आठ मार्करांच्या ओळी: परभणी, छावणी, वरंगल, गुलबर्गा. माणसाचं नाव एकाही ओळीत नव्हतं.

"मोहतरमा," सेक्रेटरीसाहेब दारातून म्हणाले, "यहाँ ख़वातीन को इजाज़त नहीं." ख़वातीन म्हणजे बायकाच, चपराशाच्या 'जनाना'पेक्षा अदबशीर एवढंच.

"ख़वातीन को लिखना आता है," मी म्हटलं आणि टाक उचलला.

छावणी खोडलं आणि यादगिरी लिहिलं. परभणी खोडलं आणि मारुती लिहिलं. खाली, फळ्यावर लिहिते तशा मोठ्या अक्षरात: शेवटची फ्रेम यादगिरीने जिंकली, छप्पन्न विरुद्ध बावन्न. आधी उर्दूत, त्यांना वाचता यावं म्हणून. मग मराठीत, कारण मला तशी सवय आहे. त्याखाली आणखी एक ओळ: काळा बॉल दुसऱ्यांदा खेळावा लागला, कारण मारुतीची बहीण मुद्दाम खोकली. मग सही केली, पूर्ण नावाने.

कुणी माझा हात धरला नाही. बाईचा हात कसा धरायचा, ही त्यांची अदब आडवी आली. शाई ओली होती, म्हणून ती वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग बाहेर आले.

ते पान त्यांनी फाडलं असणार. मी भाबडी नाही. महिन्याभराने दत्तूचं पत्र आलं, त्याने शेवटी फॉर्मवर हैदराबाद लिहिलं होतं. पत्रात होतं की मुख्य मार्करची जागा एका मेंबराच्या ड्रायव्हरच्या मेहुण्याला मिळाली. त्याला क्यू धरता येत नाही. आमच्या क्लबाचं टेबल एका लाकूडवाल्याने घेतलं. त्याने कापड ओरबाडून काढलं आणि खालच्या पाटीच्या दगडाच्या लाद्या अडत्याला विकल्या. त्यांच्यावर आता तुरीची पोती असतात. मारुती कचेरीत शिपाई लागला आहे. नव्या राज्याच्या फायली ह्या टेबलावरून त्या टेबलावर नेतो. तक्रार करत नाही. माझं तसं नाही, मला अजून राग येतो. सेक्रेटरीचा येतो, त्या टिकली सैल झालेल्या मेंबराचा येतो, आणि माझा स्वतःचाही.

गेल्या आठवड्यात यादगिरीने कुणाकडून तरी उर्दूत लिहून घेतलेलं कार्ड आलं. कोठीच्या टेबलावर नवं कापड चढलं आहे. येत्या सुट्टीत या, पहिल्या लाल बॉलपासून पूर्ण तीन फ्रेम खेळू, मधे कुणी थांबवणार नाही. मारुतीने माझ्याकडून कार्ड वाचून घेतलं आणि त्याच दिवशी क्यूची टिकली बदलली.

सुट्टीला लागून दोन दिवस जास्त हवेत, म्हणून मी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात आमच्या शाळेतल्या सगळ्या बायका 'खाजगी' लिहितात. मी लिहिलं, 'भावाचा स्नूकरचा सामना पाहणे'. मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज परत पाठवला. वर तांबड्या शाईत शेरा: कारण योग्य नाही, बदलून द्यावे.

मी तोच अर्ज पुन्हा पाठवला आहे.